पित्त माझं, पथ्य तिचं

हे मी आजवर घरच्या कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, सख्ख्या भावालाही नाही. अंगावर पित्त उठण्याच्या माझ्या आजारासाठी घरात जे कडक पथ्य चाललं होतं, ते मी पाळत नव्हतो. घरी दुधीची भाजी आणि मुगाची खिचडी खायचो. आणि आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या मागच्या एका खानावळीत बसून वांग्याचं भरीत खायचो. त्यावर शेंगदाण्याची चटणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली. डॉक्टरांनी जे जे बंद केलं होतं, ते सगळं एकाच ताटात.

चोरून खाणारा नवरा हा हसण्याचा विषय आहे. एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. खाण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे.

* * *

मी सुरतेत एका पॉवरलूमच्या कारखान्यात मेहताजी आहे. कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात, आणि तिथे कापडाचा हिशेब ठेवतो तो मेहताजी. मूळचा अमळनेरकडचा. राहायला गोडादऱ्यात. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी सगळी सुरत पळाली तेव्हा आम्हीही गावी पळालो, आणि परत आल्यानंतरच्या हिवाळ्यात माझं अंग पहिल्यांदा उठलं.

ज्यांना हा आजार आहे त्यांना लक्षणं सांगायला नकोत, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळत नाहीत. पट्ट्याखाली, काखेत, तळपायाला लाल गांधी उठायच्या. खाजवलं की एकमेकींत मिसळून ताटाएवढ्या व्हायच्या. काही तासांनी खूण न ठेवता जायच्या आणि दुसऱ्या जागी उठायच्या. एकदा खात्यावर बसल्या बसल्या वरचा ओठ सुजून नाकाला टेकला. शेठ मला पाहून आधी हसला, मग घाबरला, मग म्हणाला, "मेहताजी, लीमडानो रस पीओ, बधुं मटी जशे." कडुनिंबाच्या रसाने सगळं जाईल. लूमची दुरुस्ती पाहणारा जॉबर म्हणाला, गेरू लावा. मेहुणा धुळ्याहून घोंगडी घेऊन आला आणि भर उन्हाळ्यात मला तिच्यात गुंडाळून बसला. मीही बसलो. गेरू फासून, घोंगडी पांघरून. माझी मुलगी छाया सुरतेत जन्मलेली, तिची भाषा अर्धी गुजराती. ती दारातून म्हणाली, "पप्पा, तुम्ही तो हनुमानजी दिसता."

सल्ला देणाऱ्या एकालाही माझ्या खाजेशी देणंघेणं नव्हतं. स्वतःचा उपाय खरा ठरावा एवढीच प्रत्येकाला घाई होती. कुणी म्हणे प्लेगच्या गोळ्या बाधल्या, कुणी म्हणे सुरतेचं पाणी. त्यांचं सगळं मी मान डोलावून ऐकलं, कारण आजारी माणसाला मिळणारा मान मला आवडायला लागला होता. हेही लिहूनच टाकतो.

* * *

निदान झालं त्या दिवशी सुमन, माझी बायको, बरोबर होती. त्वचेच्या डॉक्टरांचा दवाखाना माणसांनी भरलेला. आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी माझा शर्ट वर करायला लावला, क्षणभर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ती मान शेवटपर्यंत वर आली नाही.

"ॲलर्जी आहे. वांगी बंद, शेंगदाणे बंद, तीळ, उडीद, लाल मिरची, आंबट, सगळं बंद."

"किती दिवस?" सुमनने विचारलं.

"बरं होईपर्यंत."

पुढच्या पेशंटची चप्पल आत येत होती. झालं निदान. खाजेवर एक गोळी दिली, तिने खाज कमी व्हायची आणि हिशेब लिहिता लिहिता मान पडायची.

या डॉक्टरांना मी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर नाही. पण 'बरं होईपर्यंत' हे त्यांनी सवयीने म्हटलेले शब्द सुमनने जसे उचलले, तो दोष त्यांचा नव्हता.

आमच्याकडे घरातल्या माणसाचं दुखणं जावं म्हणून बाई एखादा पदार्थ 'सोडते'. दुखणं गेलं की देवीला नैवेद्य दाखवून पुन्हा खाते. श्रावणात आमच्या खानदेशी कानबाई देवीचा सण असतो, त्या रोटांच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर सुमनने वणीच्या देवीचं नाव घेऊन सांगितलं, यांच्या अंगावरची शेवटची गांध जाईपर्यंत मीही यातलं काही तोंडात घालणार नाही. बायकांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्याकडेही कौतुकाने पाहिलं. मी काय केलं होतं कोण जाणे.

खानदेशी घरातून वांगं, शेंगदाणा, उडीद आणि मिरची काढली की उरतं काय? घरात चुलीला वासच राहिला नाही. छाया ताटाकडे पाहून म्हणायची, "मम्मी, आजे पण खिचडी? पित्त पप्पांना, अने सजा आपल्याला?"

"गुपचूप खाई ले," सुमन म्हणायची.

* * *

पथ्याला काही महिने झाले होते. हिवाळा होता. वसुलीसाठी पर्वत पाटियाकडे गेलो होतो, तिथल्या मागच्या गल्लीत चोपड्याकडच्या एका आप्पाची खानावळ आहे. आत जायचं नव्हतं. पण वांगी भाजल्याचा वास रस्त्यावर आला होता.

"या मेहताजी, भरीत शे. गरम शे," आप्पा म्हणाला.

"मला चालत नाही."

"कोण म्हनस?"

कोण म्हणतं, याचं उत्तर न देता मी बसलो.

खाऊन झाल्यावर हात धुताना मात्र भीतीने गाठलं. आता ओठ सुजणार, घसा सुजणार, इथेच आपण पडणार. घरी गेलो नाही. खात्यावर जाऊन पंख्याखाली बसलो आणि मनगटं बघत राहिलो. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गांधी उठल्या, पण नेहमी उठत तेवढ्याच, नेहमीच्याच वेळेला.

पुन्हा गेलो. पुन्हा तेच. मग शेवभाजी खाल्ली, लालभडक. मग संक्रांतीला शेठच्या घरचे तिळाचे लाडू खाल्ले. पित्ताला माझ्या खाण्याशी काही कर्तव्य नव्हतं. मी खिचडी खाल्ली तरी उठायचं, भरीत खाल्लं तरी तेवढंच उठायचं. चार-पाच वेळा खाल्ल्यावर हे मला लख्ख कळलं होतं. एकट्या मला.

त्या दिवशी घरी जाऊन एवढंच म्हणायचं होतं: पथ्याचा काही उपयोग नाही, मी खाऊन पाहिलंय. सुमन दोन दिवस बोलली नसती. कदाचित आठवडाभर. आणि घरात पुन्हा फोडणीचा वास आला असता.

मी म्हटलं नाही. कारण तोवर तिने सोडलं होतं, चारचौघींत सोडलं होतं, आणि ती माझ्यासाठी कोरडं खात असताना मी कुठे बसून बोटं चाटत होतो ते सांगावं लागलं असतं. आधी लाज होती. मग दिवस गेले आणि 'इतके दिवस का नाही सांगितलं' याला उत्तर उरलं नाही. माझी नियत कधीच वाईट नव्हती, असं मी स्वतःला सांगायचो. नियत चांगली असलेला माणूस दोन वर्षं बायकोला उपाशी ठेवू शकतो, हे मी माझ्या घरात पाहिलं.

'उपाशी' हा शब्द जास्त वाटत असेल तर सुमनकडे पाहायला हवं होतं. ती घरी साड्यांचे धागे कापते. व्यापाऱ्याकडून गठ्ठा येतो, मांडीवर साडी घेऊन लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे. पूर्वी गप्पा मारत गठ्ठा संपवायची. पथ्याच्या दुसऱ्या वर्षी ती मध्येच कात्री खाली ठेवून भिंतीला डोकं टेकायला लागली. एकदा नळावर चक्कर येऊन बसली. बायकांनी उचलून आणलं. मी खात्यावरून धावत आलो.

"काही नही व्हयनं माले," ती म्हणाली. "तुम्ही जेवनात का?"

मी जेवलो होतो. आप्पाकडे.

* * *

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं सुमननेच ठरवलं. शेठच्या ओळखीने अठवालाइन्सला एका तज्ज्ञ बाईंची वेळ मिळाली. एसटीडी बूथवरून फोन केला तर त्यांच्या माणसाने तयारी सांगितली. ज्यांना अशा ठिकाणी जायचं आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. खाजेची गोळी ते सांगतील तितके दिवस आधी बंद करायची, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही. जुने सगळे कागद न्यायचे. दुसऱ्या कशासाठी गोळ्या घेत असाल, अगदी डोकेदुखीच्या, तर त्याही दाखवायच्या. सैल कपडे घालायचे. घरातलं एक माणूस सोबत न्यायचं. "आणि काय खाता ते सगळं खरं खरं सांगायचं," तो म्हणाला. हे तो सगळ्यांनाच सांगत असणार. मी मात्र बूथच्या काचेतून मागे वळून पाहिलं. सुमन बाहेर उभी होती.

गोळीशिवायचे ते दिवस मी विसरणार नाही. गांधी उतरेनातच. एक डोळा सुजून मिटला. शर्ट अंगाला सहन होईना. दुपारी सुमन आमसुलाचं पाणी करून पाठीला लावत बसायची. ज्या हातांना कात्री धरवत नव्हती त्याच हातांनी.

"कमी व्हयनं का?"

"हं."

"डॉक्टरनी इचारं तर मी सांगसू. तुम्ही मधमा बोलू नका. तुमले काही ध्यानात राहत नही." मग माझ्या पाठीमागून, अभिमानाने, "मी सांगसू, दोन वरीस झालं, यास्नी एक शेंगदाना तोंडमा घाला नही."

माझं तोंड भिंतीकडे होतं. बोलायला याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळणार नव्हती. मी म्हणालो, "जरा खाली लाव."

जाण्याच्या सकाळी तिने स्वयंपाकघरातून पुड्या बांधल्या. मुगाची, तांदळाची, सैंधवाची, कणकेची, आणि बाटलीत थोडं तेल. डॉक्टरांना दाखवायला. चोराने आपल्या घराची झडती पाहावी तसा मी त्या पुड्या पिशवीत जाताना पाहत होतो.

* * *

तज्ज्ञ बाई पन्नाशीच्या, गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलल्या. त्यांनी पुड्या हसण्यावारी नेल्या नाहीत. एकेक उघडून पाहिली. माझं अंग पाहिलं, पाठीवर पेनाच्या टोपणाने रेघ ओढली. रेघ तिथेच सुजून वर आली. मग खाण्याचं विचारलं आणि सुमन बोलायला लागली. तिच्या मोडक्या हिंदीत, न अडखळता, सकाळपासून रात्रीपर्यंतचं. शाळेतली मुलगी पाठ केलेलं म्हणते तशी.

"दोन साल में एक बार भी नहीं खाया? शादी में? गलती से?"

"एक बार भी नहीं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. साधारण असं म्हणाल्या: इतकं बंद करूनही उठतंय, म्हणजे एक तर खाण्याचा संबंध नाही, किंवा बंद करायचं ते भलतंच केलंय. खात्री करायला काही आठवडे गहू आणि दूधही काढून पाहू.

"निकालेंगे," सुमन लगेच म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला कळलं की ती दोघांचं काढणार. एवढं उरलं होतं, तेही काढणार.

बाईंचं लक्षही तिच्याकडेच होतं. त्यांनी तिला जवळ बोलावलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि नर्सला म्हणाल्या, यांचं वजन घ्या, रक्त घ्या. सुमन म्हणत राहिली, माझं नाही, यांचं आहे. नर्स तिला आतल्या खोलीत घेऊन गेली.

दार लागलं आणि मी बोललो. याला कुणी धैर्य म्हणू नये. ती समोर असती तर मी गहू आणि दूधही काढू दिलं असतं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कितनी बार?"

"हफ्ते में एक बार. कभी दो."

"और खाने के बाद ज्यादा निकला?"

"नहीं. उतना ही."

"तो टेस्ट तो आप खुद कर चुके हैं," त्या म्हणाल्या. "जवाब दो साल से आप के पास है. मेरे पास क्यों आए?"

मी टेबलावरच्या पुड्या पुन्हा बांधायला लागलो.

"उन को बताया है?"

"नहीं."

"वह मेरा डिपार्टमेंट नहीं." आणि त्या लिहायला लागल्या.

आयुष्यात माझा पुष्कळांनी अपमान केला आहे, शेठने तर रोज. पण इतका नेमका, इतका माझ्या मापाचा अपमान कुणी केला नव्हता.

सुमन परत आली तेव्हा बाईंनी तिला सांगितलं की खाण्याचा दोष नाही, सगळं करा, सगळं खा. हा आजार पुष्कळांना का होतो ते सापडत नाही. त्याच्या मनाने येतो, बहुधा त्याच्या मनाने जातो, तारीख सांगता येत नाही. खात्यातल्या आवाजाने डोकं दुखतं म्हणून मी जी गोळी येता-जाता घ्यायचो तिने मात्र हे वाढतं, ती बंद. पट्टा सैल. खाजेची गोळी बदलून दिली, झोप न आणणारी. सुमनला रक्तवाढीच्या गोळ्या. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी मला सोडून दिलं म्हणून उपकार मानावेत की राग धरावा, हे अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

रिक्षात सुमन हात जोडून बसली होती. "देवीनंच करं," ती म्हणाली. "इतलं सोडं, म्हनीसन तुमले आते खावाले मोकळं व्हयनं."

त्या संध्याकाळी तिने भरीत केलं. हिरव्या मिरच्या भाजून, शेंगदाणे घालून. छायाने ताट चाटलं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, इतक्या दिवसांनी पहिला घास घेणारा माणूस कसा दिसतो ते पाहायला. मी डोळ्यांत पाणी आणलं. मिरचीचं होतं, पण कामाला आलं.

सुमनने स्वतःला खिचडी वाढून घेतली.

"तू?"

"शेवटली गांध जाऊ द्या. मंग खासू."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, खाण्याचा संबंध नाही."

"तुमना खावाना नही. मी देवीले बोलेल शे."

यावर उत्तर माझ्यापाशी होतं. मी पाणी प्यालो.

डोकेदुखीची गोळी सोडल्यावर माझा आजार पुष्कळ उतरला. आता आठवड्यातून एखाद्या वेळी दोन-तीन गांधी उठतात, पट्ट्याच्या जागी. दुसरा कुणी असता तर बरा झालो म्हणाला असता. सुमनचा नवस मात्र शेवटच्या गांधीचा आहे, आणि ती रोज अंघोळीनंतर माझी पाठ पाहते. गोळ्यांनी तिचा रंग परत आला आहे, चक्कर येत नाही. पण वांगं, शेंगदाणा, तीळ, उडीद तिने अजून तोंडात घातलेलं नाही.

हा आजार असलेल्या माणसाला मला एवढंच सांगायचं आहे. एका डॉक्टरने पदार्थांची माळ सांगितली म्हणून घर उपाशी ठेवू नका, दुसऱ्याला विचारा. आणि विचारायला जाल तेव्हा खाल्लेलं सगळं सांगा. तुम्ही खोटं सांगाल त्यावर डॉक्टर औषध देईल, आणि ते तुम्हाला नव्हे, भलत्यालाच लागू पडेल.

यानंतर मी गप्प बसलो असतो. पण गेल्या महिन्यात दोन घरं सोडून राहणाऱ्या कमलबाईच्या अंगावर असंच उठायला लागलं. बाळंतीण आहे, लेकरू अंगावर पितं. ती डॉक्टरकडे गेली नाही, सुमनकडे आली. आमच्या ओट्यावर बसलेली बाई आणि तिला समजावणारी सुमन, हे मी आतून ऐकलं. वांगं सोड, शेंगदाणा सोड, तीळ, उडीद सोड, दूधही कमी कर. देवीचं नाव घेऊन सोड. आमच्या ह्यांनी दोन वर्षं पाळलं, बघ कसे बरे झाले. कमलबाईने वाकून माझ्या बायकोच्या पाया पडल्याचा आवाज आला, बांगड्यांचा. आता तिच्याही घरात खिचडी शिजते. परवा नळावर तिला पाहिलं. भिंतीला हात टेकून उभी होती.

सुमनला वाचता येतं. हे छापलेलं तिच्या हाती पडावं आणि माझं बोलणं टळावं, असं मनात येऊन गेलं. तेही भित्र्या माणसाचंच सुचणं आहे.

देणं लागावं तसं मी सुमनला तोंडाने सांगणं लागतो की मी खात होतो आणि काही होत नव्हतं. तेच कमलबाईला, तिच्या दारात जाऊन, सांगणं लागतो. आज हे लिहीपर्यंत दोघींपैकी कुणालाही सांगितलेलं नाही.